फरकाची रेघ

रेघ चढली तेव्हा संजीवनी बुलढाण्याच्या कारंजा चौकात काकड्या निवडत होती. एका हातात काकडी, दुसऱ्या हातात मोबाइल, मोबाइलवर रेघ. रेघ सरळ चालली होती, सरळ चालली होती, आणि एकाएकी एक पायरी चढून वरच्या अंगानं पुन्हा सरळ चालू लागली, काही झालंच नाही अशी. जसा एखादा माणूस दुसऱ्याच्या घरात शिरतो, चपला काढतो आणि सोफ्यावर बसून पेपर उघडतो. "बाई, घ्याची हाये का नुसतीच कुरवाळाची हाये?" भाजीवाली म्हणाली. संजीवनीनं काकडी खाली ठेवली. चुकीच्या ढिगात, दोडक्यांत. भाजीवालीनं ती उचलून परत काकड्यांत टाकली आणि शेजारणीकडे बघून मान हलवली, आणि एवढ्याशा गोष्टीनं संजीवनीला रडू फुटेल इतका संताप आला. बारा महिने. बारा महिने ही रेघ तिनं काठोकाठ भरलेली परात न्यावी तशी पुढे आणली होती, आणि आता पंधरवडाच उरला असताना, मे महिन्याच्या टळटळीत उन्हात, कुणीतरी

कुणीतरी लोखंड आणलं होतं.

वेधशाळा म्हटलं की लोकांना दुर्बीण वाटते. उंद्रीच्या पुढे, रस्ता सोडून आत, खडकाळ माळावर तिचं केंद्र होतं, आणि तिथं कुणी आकाशाकडे बघत नव्हतं. तरी येणारा-जाणारा विचारायचाच, मॅडम, औंदा पानी कसं? तिथं जमिनीच्या पोटाचं चुंबकत्व मोजत. पोटात, खडकाचा थर संपला की त्याखाली, वितळलेलं लोखंड घुसळत असतं, त्याचं चुंबकत्व वर माळापर्यंत येतं. सूर्याकडून आलेली खळबळ त्यावर तरंग उठवते. ते तरंग खाली झिरपतात आणि खालचा खडक कुठं ओला, कुठं तापलेला, हे सांगत परत येतात. भरभर उठणारे तरंग उथळच राहतात. सावकाश येणारे, महिन्यामहिन्यांनी श्वास सोडणारे, तेच खोल जातात. म्हणून जितकं खोल बघायचं तितका काळ नोंद मोडता कामा नये. तिच्या कामाची सगळी गोम एवढीच होती आणि ती कुणालाही सांगून कळत नव्हती: खालच्या लोखंडाचं ऐकायचं तर वरच्या लोखंडाला लांब ठेवावं लागतं. माळावर दोन यंत्रं होती, मुख्य यंत्र जुन्या दगडी खोलीला लागून आणि पडताळ्याचं बरंच लांब, एका बोरीच्या झाडापलीकडे. सूर्यावर वादळ झालं तर दोन्ही सारखीच हलायची, आणि दोन्हींतला फरक होता तेवढाच राहायचा. तो फरक म्हणजे ही रेघ. पृथ्वीला काही झालं तर ती हलत नसे. माणसानं काही केलं तरच हलायची. पंधरा वर्षांत ती एवढंच शिकली होती, की पृथ्वी पायऱ्या चढत नाही. पायऱ्या माणसं चढतात. एकदा शेळीच्या गळ्यातली घंटा. एकदा वरातीचा ट्रॅक्टर. एकदा मुख्य कार्यालयातून आलेल्या बाईंच्या बांगडीला लटकवलेल्या सेफ्टी पिना, चार पिना, त्या बाई म्हणाल्या होत्या, अहो एवढ्याशानं काय होतंय? एवढ्याशानंच होतं. संजीवनीच्या केसांत पंधरा वर्षांत काटा गेला नव्हता. केस ती सुती पट्टीनं बांधायची, चपला खिळ्यांच्या नाही, शिवलेल्या, आणि लग्नाच्या बाजारात एका मुलाच्या मावशीनं विचारलं होतं, केसाले रिबीन काऊन बांधता हो या वयात?

तिनं कय्यूमला फोन लावला. कय्यूम केंद्राचा राखणदार, मेकॅनिक आणि ड्रायव्हर, जे लागेल ते. तो आणि त्याची बायको अमीना माळाच्या कडेला, फाटकापाशी राहत.

"कय्यूम, जुन्या खोलीपाशी काय आनलं?"

"सलाम मॅडम. काई नाई आनलं."

"रेघ चढली."

"चढली का?" मागे कुणीतरी बोलत होतं, भांडं वाजलं. "मॅडम, म्या नाई आनलं. हरिओमभौनं आनलं."

"काय आनलं?"

"अम्माजीले."

"माय काय लोखंडाची हाये का रे?"

"नाई मॅडम," कय्यूम म्हणाला. "पलंग हाये."

हरिओम, तिचा धाकटा भाऊ, खामगावला वडिलांचं लोखंडाचं दुकान चालवायचा, सळया, पत्रे, जाळ्या, आणि फोनवर असा बोलायचा की समोरच्यानंच काहीतरी चूक केली असावी. तिनं लगेच त्याला फोन लावला. त्याच्या घरात फरशी उखडली होती. मायच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन महिना होत आला होता, तिला धूळ सोसत नव्हती, तिच्यासाठी डोकं वर-खाली होणारा दवाखान्याचा पलंग आणला होता, तो आता ठेवायचा कुठं? संजीवनीच्या बुलढाण्याच्या घरी? तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "तुह्याकडं एवढी मोठी सरकारी जागा पडेल हाये, दगडाची खोली हाये, थंडगार. चौवेचाळीस चढला ना वं इथं. आन कय्यूमची बायको पाहतेच म्हने. धा-बारा दिसाची त गोठ."

"हरिओम, तिथं लोखंड चालत नाई. तुले माहीत हाये."

"आता मायच्या मांडीत सळई टाकेल हाये डॉक्टरनं. थेबी काढून ठेवू का?"

ती सळई चुंबकाला चिकटत नाही, असं ती सांगू लागली होती, ती दुसऱ्या जातीची असते. तेवढ्यात हरिओमनं कुणालातरी ओरडून सांगितलं की बारा नाही, दहाची दे, आणि फोन ठेवला. चिखलीपर्यंतच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि खिडकीची दांडी तापलेली होती म्हणून तिच्यावर हात ठेवता येईना, आणि नाही ठेवला तर बस वळताना तोल जाई. सगळं असंच. सगळ्यांनी मिळून ठरवल्यासारखं. काकडी राहिली होती, पिशवीत नुसत्या मिरच्या आल्या होत्या, नुसत्या मिरच्यांचं माणूस काय करणार? संस्थेतले भगवानराव साहेब तिला गेल्या वर्षी म्हणाले होते, मॅडम, एक वर्षाची स्वच्छ नोंद द्या, आपलं केंद्र जगाच्या वेधशाळांच्या जाळ्यात बसवतो, नाही तर मला ते चालू ठेवता येणार नाही, माळ सोलरवाले मागतायत. त्यांनी हे अगदी प्रेमानं सांगितलं होतं, चहा मागवून. सोलर म्हणजे लोखंडाच्या चौकटी, रांगाच रांगा, सगळ्या माळावर. तिला ते दिसायचं. झोपताना दिसायचं, दात घासताना दिसायचं, की माळावर लोखंड उगवलंय आणि खालचं काहीच आता ऐकू येत नाही, जसं शेजारच्या लग्नात डीजे सुरू झाला की घरातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं

आणि पुन्हा दुकान. बसमध्ये बसलं की तिला दुकान आठवायचंच, का ते कळत नव्हतं. वरवट बकालला, खामगावला जाण्याआधीचं. बाजाराच्या वाटेवर, पुढे दुकान, मागे घर. पाणी खारट, चहा खारट, मायच्या हाताला मात्र सदा लोखंडाचा वास, कारण दुकान बंद व्हायच्या वेळी खाली सांडलेले खिळे ती वेचायची. वडिलांनी कुठूनतरी एक जाडजूड चुंबक आणला होता, त्याला दोरी बांधून माय ओसरीपासून दुकानापर्यंत ओढायची, आणि चुंबकाला खिळ्यांची दाढी फुटायची. संजीवनीला तो खेळ वाटायचा. ती म्हणायची, माय, मले दे. माय द्यायची नाही. माय म्हणायची, तू अभ्यास कर, हे काम कोनीबी करते. माय बसून असायची, वाकून असायची, उभी असायची, पण आडवी झालेली पाहिल्याचं संजीवनीला आठवत नव्हतं. कधी झोपायची कोण जाणे. पुढे कॉलेजात चुंबकत्वाच्या पहिल्या तासाला मास्तरांनी कागदावर लोखंडाचा कीस टाकून खालून चुंबक फिरवला तेव्हा वर्गभर आश्चर्य पसरलं होतं, आणि तिला एकटीलाच घरचा वास आला होता आणि लाज वाटली होती. त्या लाजेमुळंच ती या विषयात आली की काय, हे तिला आजतागायत ठरवता आलेलं नव्हतं. चिखलीला बस बदलली. उंद्रीची बस भरलेली होती, एका माणसाच्या मांडीवर कांद्याच्या रोपांचा जुडगा आणि पायाशी विळा, आणि तिनं सवयीनं विळ्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यानं तो पायानं आत सरकवला.

फाटकात कय्यूम उभा होता. किल्ल्या, मोबाइल, सगळं तिनं फाटकावरच्या लाकडी पेटीत टाकलं, रोजच्यासारखं. "अम्माजी झोपल्या," तो म्हणाला. "चांगल्या झोपल्या. इथं थंड लागून राह्यलं त्यायले. म्या भौले लय सांगतलं मॅडम, पन थे म्हने मी मॅडमशी बोलतो. मले वाटलं बोलले."

"तुले रेघ माहीत हाये ना?"

"हाये ना."

"मंग तू काऊन आत येऊ देलं?"

कय्यूमनं पायातल्या रबरी चपलेकडे पाहिलं. "मॅडम, आता कोनाची माय दारात हाये, उन्हात हाये, तिले कसं म्हनू, मागं फिरा?"

जुन्या खोलीचं दार सागाचं, बिजागऱ्या पितळेच्या, आणि त्या पितळी बिजागऱ्यांच्या आत, खिडकीला लागून, पांढऱ्या रंगाचा ढोबळ लोखंडी पलंग, पायाशी हँडल, आणि पलंगावर माय. सपाट. तोंड उघडं, केस उशीवर पसरलेले, पातळ. संजीवनी दारातूनच परत फिरली. तिला उठवण्याआधी मोजणी करून घ्यावी असं तिनं ठरवलं. पलंग आहे तसा राहणार असेल, हलणार नसेल, तर त्याचं एवढं काही नसतं, स्थिर लोखंडाची वजाबाकी करता येते, फक्त नव्यानं शून्य ठरवावं लागतं. तिनं शेजारच्या खोलीत चौथऱ्यावरची कोन मोजायची छोटी दुर्बीण लावली, लांबच्या खुणेवर रोखली, फिरवली, उलटी केली, पुन्हा फिरवली, आणि कय्यूमनं बाहेरून आकडे लिहून घेतले. तासभर गेला असेल. काम करताना ती कुणीच नसायची, ते तिला आवडायचं. माय सपाट झोपलेली असताना पलंग जसा होता, तो आता शून्य झाला. ते झाल्यावर मग ती मायकडे गेली.

माय जागी होती. "आली का तू. मले वाटलं तुहं ऑफिस सुटल्यावर येशीन."

"हेच ऑफिस हाये माय."

"हे?" मायनं छताकडं बघितलं. तिला तेवढंच दिसत होतं. "बरं हाये. थंड हाये. हरिओमच्या घरापरीस बरं."

संजीवनीनं समजावलं. आवाज चढू न देता समजावायचं तिनं ठरवलं होतं आणि पहिल्याच वाक्याला तो चढला. पलंग, लोखंड, रेघ, एक वर्ष, पंधरा दिवस. हँडल फिरवलं की डोक्याकडचं लोखंड वर जातं आणि रेघ चढते, खाली केलं की उतरते. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त तू जमिनीतलं लोखंड पाहून राह्यली."

"हाव."

"किती खोल हाये?"

"लय खोल. तिथं कोनी जाऊ शकत नाई."

"आन लय हाये?"

"लय हाये. वितळेल हाये सारं."

"तुह्या बापाले कोनी सांगतलं नाई," माय म्हणाली, "नाई त त्यानं तिथंबी गोदाम टाकलं असतं." आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिला ठसका लागला, आणि कय्यूमच्या बायकोनं, अमीनानं, धावत येऊन हँडल फिरवलं, घर्र घर्र, माय वर आली, पाणी प्याली, आणि संजीवनीच्या मनात आधी आलं ते पायरी पडली, आणि मग बाकीचं. हे दोन विचार कोणत्या क्रमानं आले ते फक्त तिला ठाऊक होतं. पण तिला वाटलं मायलाही कळलं. माय तिच्या तोंडाकडे बघत होती.

मग व्यवस्था झाली. व्यवस्थेवर तिचा विश्वास होता. उंद्रीतले सुतार उकंडराव बिनखिळ्याचा सागवानी पलंग करून देणार होते, पाठीमागे फळी वर उचलता येईल असा, खुंट्या लाकडाच्या, स्क्रू पितळेचे. उकंडराव म्हणाले, उद्या. दुसऱ्या दिवशीही म्हणाले, उद्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, बाई, खिळा नाई म्हनजे पलंग नाई, देव्हारा झाला, देव्हाऱ्याले टाइम लागते. तोवर माय जेवणाला आणि चहाला वर होणार, एरवी सपाट, आणि वर-खाली झालं की कय्यूमनं मेसेज टाकायचा, म्हणजे बुलढाण्यात बसून ती तेवढा तुकडा दुरुस्त करेल. माळावर इंटरनेट धड चालत नव्हतं, कामासाठी बुलढाण्यात राहणं भागच होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी ती जायची. हे खरं होतं. आपण हे स्वतःला बरेचदा सांगतो आहोत, हेही तिच्या लक्षात येत होतं. मेसेज येऊ लागले. अम्माजी वर, चाय. अम्माजी खाली. अम्माजी वर, खिचडी. अम्माजी वरच, गप्पा करून राह्यल्या. अम्माजी खाली. भाकर नको म्हनल्या. पुन्हा वर. रेघेचा जिना झाला. भगवानरावांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या माळावर कुणी इमारत बांधतंय का?" ती म्हणाली, सर, तात्पुरतं आहे. "बघा हं. शेवटचा टप्पा आहे. मला समितीपुढं हेच दाखवायचंय. दुरुस्त्या जास्त झाल्या की नोंद कुणाचीच राहत नाही." त्यांचा आवाज शांत होता, शांत आवाजाचीच तिला चीड यायची, शांत राहणं ज्यांना परवडतं त्यांचा आवाज. तिनं फोन ठेवला आणि कय्यूमला लावला आणि म्हणाली, अरे, गप्पा आडवं पडून नाई होत का? गप्पाले डोकं वर कायले पाह्यजे? ती जोरात म्हणाली असावी. खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात थबकल्याचं तिला ऐकू आलं. फोनच्या पलीकडे, कय्यूमच्याही पलीकडे, जरा लांबून, मायचा आवाज म्हणाला, काय म्हनते रे थे?

आणि मग रेघ सरळ झाली.

पहिल्या दिवशी तिनं मोबाइल बंद करून पुन्हा चालू केला. यंत्र अडकलं असेल. अडकलं नव्हतं, पृथ्वीचे तरंग येत होते, दुपारचा चढ येत होता, संध्याकाळचा उतार, फक्त फरकाची रेघ निजल्यासारखी सरळ. कय्यूमचे मेसेज थांबले. तिला वाटलं उकंडरावांनी पलंग दिला. मग वाटलं, दिला असता तर मोठी पायरी उतरली असती. मग वाटलं, काय करायचंय, सरळ आहे ना. मंगळवारी तिची गाडी चुकली आणि शुक्रवारी बँकेत काम निघालं, दोन्ही खरी कारणं होती. भगवानराव म्हणाले, अप्रतिम. हा शब्द त्यांनी पंधरा वर्षांत पहिल्यांदा वापरला. त्या दिवसांत संजीवनी चांगली झोपली. घर आवरलं. पोळ्या गोल झाल्या. मोबाइल ओट्यावर टेकवून ती जेवायची आणि घासाघासाला रेघेकडे बघायची, आणि रेघ इतकी सुरेख होती, इतकी काहीच न बोलणारी, की तिला वाटायचं आता खालचं सगळं ऐकू येईल, सगळ्यात सावकाश येणारा तरंगसुद्धा, ज्याला यायला महिने लागतात. एका दुपारी ती अशीच वरण-भात खात होती. घड्याळात जेवणाची वेळ. रेघ सरळ. तिनं भाताचा घास उचलला, रेघ सरळ, घास तोंडात घातला, रेघ सरळ, आणि घास तसाच तोंडात राहिला. ही जेवणाची वेळ आहे. ही जेवणाची वेळ आहे आणि रेघ

"कय्यूम, माय जेवली का?"

"हाव मॅडम. जेवल्या ना. आताच."

"पलंग वर केला होता?"

पलीकडे त्यानं नुसता घसा खाकरला.

"कय्यूम."

"अम्माजी नाई म्हनतात मॅडम. हँडलले हात नको लावू म्हनतात. कुशीवर होतात, अमीना चमच्यानं देते. पातळ-पातळ देते."

"किती दिवसांपासून?"

"तुमी गप्पाचं बोलले ना, त्या दिसापासून."

"आन ठसका?"

"लागते कवा कवा. अमीना पाठ चोळते."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले काय सांगू मॅडम?" कय्यूमचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तुमी म्हनलं रेघ सरळ पाह्यजे. अम्माजी म्हनल्या रेघ सरळ पाह्यजे. मले त वाटलं दोघीयचं एक झालं. वरून अम्माजीनं कसम देली, पोरीले सांगशीन त पाह्य."

बसमध्ये उभं राहायला लागलं. तिचा राग कुणावर आहे ते तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो सगळ्यांवर होता: हरिओमवर, त्याच्या फरशीवर, उकंडरावांच्या उद्यावर, कंडक्टरवर, जो सुट्टे मागत होता, आणि सगळ्यात जास्त मायवर. हे कसलं प्रेम? हे प्रेम नव्हतं, ही जबरदस्ती होती, हे असंच करत आली होती ती जन्मभर, स्वतः वाकून खिळे वेचायचे आणि पोरीला म्हणायचं तू अभ्यास कर, आणि मग पोरीनं जन्मभर मान वर करून बघायचं कुणाच्या वाकलेल्या पाठीकडं? कुणी मागितलं होतं? कुणी सांगितलं होतं सपाट पडून राहा म्हणून? आणि इथं बस चिखलीच्या गतिरोधकावरून अशी उडाली की दांडीवरचा हात सुटला आणि ती शेजारच्या बाईच्या खांद्यावर आदळली, आणि विचाराचं दुसरं टोक समोर आलं. सांगितलं होतं. असं नव्हे, पण सांगितलं होतं. ती बाई म्हणाली, सांभाळून वं माय. भगवानरावांचा मेसेज आला होता, आजचा दिवसही उत्तम, शेवटचे पाच-सहा दिवस असेच जाऊ द्या, समितीचं जवळपास झालंच आहे. तिनं तो वाचला आणि उत्तर लिहायला घेतलं, धन्यवाद सर, आणि धन्यवाद पुसलं, आणि नुसतं सर उरलं, तेही पुसलं. हिशोब करून बघितला. सवय. माय आणखी पाच-सहा दिवस अशीच राहिली तर केंद्र राहतं. आतापर्यंत राहिलीच आहे. अमीना पातळ देते. पाठ चोळते. असा हिशोब आपल्याला करता येतो आणि तो बरोबर येतो, याचीच तिला किळस आली, आणि तरी तो तिनं आणखी एकदा करून बघितला, उंद्री येईपर्यंत.

फाटकावर तिनं पेटीत काही टाकलं नाही. कय्यूमनं पेटीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि बाजूला झाला.

माय छताकडे बघत होती. गालाखाली टॉवेल, टॉवेलवर वरणाचा ओला डाग. तिनं डोळे फिरवले, मान फिरवली नाही, इतकी ती सरळ राहायला शिकली होती.

"आज त शुक्रवार नाई," माय म्हणाली.

"हे काय लावलं तू?"

"काय लावलं?"

"आडवी खाऊन राह्यली. मरायचं हाये का? घास श्वासात जाईन तुह्या. डॉक्टरनं काय सांगतलं होतं?"

"डॉक्टरले काय करा लागते? एवढाले पैसे घेते अन म्हनते उठून बसा. मी जन्मभर बसलीच हाये." मायनं जरा दम घेतला. "सरळ हाये ना थे? कय्यूम म्हने एकदम सरळ हाये."

"हाये."

"साहेब काय म्हनला?"

"चांगलं म्हनला."

"मंग कायले आली बोंबलत? जाय. थोडेच दिस राह्यले ना. मले काई होत नाई." आणि तिच्या बोलण्यात एक अशी गोष्ट होती की संजीवनीला ती सहन होईना: माय खूश होती. आयुष्यात पहिल्यांदा पोरीच्या कामात तिला हात लावता आला होता, आणि तो न हलता लावायचा होता, आणि तिनं तो मन लावून लावला होता. संजीवनी पलंगाच्या पायाशी गेली. हँडल थंड होतं. या माळावर तिनं लोखंडाला कधी हात लावला नव्हता.

"नको वं," माय म्हणाली. "नको. मोडन थे."

"मोडू दे."

"संजू, सालभराचं हाये ना वं? मंग बंद करतीन ना थे? तूच म्हनली होती."

"करू दे बंद."

"येडी झाली का? अशी कशी करू दे? मी एवढे दिस—"

"माय, तू गप बस जरा," संजीवनी म्हणाली, आणि ती ओरडलीच, आणि दारात उभ्या अमीनानं पदर तोंडावर घेतला. "गप बस. एकदा तरी माहं ऐक." हँडल फिरेना. इतके दिवस न फिरल्यानं ते धरून बसलं होतं. तिनं दोन्ही हात लावले, पाय भिंतीला टेकवला, घर्र झालं, आणि मायचं डोकं उशीसकट वर येऊ लागलं, आधी कपाळ, मग तोंड, मग ती बारीक झालेली मान. भिंतीपलीकडे यंत्र सेकंदासेकंदाला ते नोंदवत होतं, तिला ते दिसत नव्हतं पण माहीत होतं, एक पायरी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि आणखी दुरुस्त्या नोंदीला पेलणाऱ्या नव्हत्या आणि ती त्या करणार नव्हती. मायचा राग चेहऱ्यावर तसाच होता. मग खिडकीची चौकट मायच्या डोळ्यांच्या रेषेत आली आणि राग हळूहळू बाजूला झाला. या खोलीत आल्यापासून ती वर झाली ती ताटाकडं आणि अमीनाकडं बघत, बाहेर तिनं नीट बघितलंच नव्हतं. आता ती बघायला लागली. माळ. माळावर ऊन. काळे दगड, वाळलेलं कुसळी गवत, एक बोरीचं झाड, आणि त्यापलीकडे पुन्हा माळ.

माय बराच वेळ बघत राहिली. श्वास लागला होता तो बसला.

"हे काय वं," ती म्हणाली. "इथं त काईच नाई."

"नाईच हाये माय."

"अन याच्यापाई तू पंधरा वर्सं…"

"हाव."

मायनं डोळ्यांवर हाताचा आडोसा धरला. लांब कुठंतरी काही हलत होतं, शेळी असेल, किंवा उन्हाचं नुसतंच. ती पुढं वाकू बघत होती आणि वाकता येत नव्हतं, आणि त्यानं ती वैतागली.

"पाहून काय राह्यली माह्या तोंडाकडं," ती म्हणाली. "अजून वर कर. पुरं दिसत नाई."

संजीवनीनं हँडल धरलं आणि फिरवलं.